फक्त वाचण्यापुरती

लॅपटॉप आला तो भाताच्या गोणपाटात गुंडाळून.
उमावती फळदेसाय, रिवणहून, पहिल्या बसने.
कीबोर्डाच्या फटींत चिऱ्यांच्या खाणीची तांबडी माती,
एंटर दाबलं की दाताखाली आल्यासारखी कचकचणारी.
"हांव बरयतां," ती म्हणाली, "पूण तें रावना."

लिहिते, पण ते राहत नाही.
कुडचड्याच्या माझ्या दुकानात
तेरा वर्षांत अशी तक्रार पहिलीच.

तिने उघडून दाखवलं:
चिऱ्यांची वही, एक्सेलमधली, गुणाजीबाबाच्या हातची,
म्हणजे दोन बोटांची.
टेम्पो, नग, दर, बाकी.
ओळ दोनशे सतरा: कुष्टा वेळीप, पडवीला चिरे चारशे,
बाकी नऊ हजार सहाशे.
रोज रात्री ती त्या बाकीवर शून्य घालते,
शेजारी 'फिटले' लिहिते,
सेव्ह करते, झाकण मिटून निजते.
सकाळी कुष्टा पुन्हा देणेकरी.

जाण्याआधी दोन दिवस नवरा म्हणाला होता,
कुष्ट्याचं तेवढं काढून टाक.
खाणीत पाणी भरलं त्या वर्षी रात्र-रात्र पंप धरून तोच बसला,
आणि ती मजुरी मी कुठे लिहिलीच नाही.

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम.
काळी खिडकी उघडली, डिस्क निवडली,
'फक्त वाचण्यापुरती' हा शिक्का काढायची आज्ञा दिली.
उत्तर आलं: यशस्वी.
मशीन बंद करून चालू केलं. शिक्का जागच्या जागी.
रजिस्ट्रीत शिरलो. बायोसमध्ये डोकावलो.
पाठ उघडली, अकरा स्क्रू, बारावा आधीच हरवलेला,
कुठे अडवणारी कळ आहे का, भिंग लावून पाहिलं.
कुलूप असेल तर किल्ली तरी शोधता येते.
इथे कुलूपच नव्हतं.

शेवटी तब्येत तपासणारा प्रोग्राम चालवला.
उरलेलं आयुष्य: शून्य टक्के.

आता हे सांगायचं कसं?
हिच्यावर, बाय, मोजक्याच वेळा लिहिता येतं.
झिजत झिजत ती अशा जागी येते
की आणखी एक अक्षर घेतलं तर आधीचीही जातील.
मग ती तोंडदेखलं हो म्हणते, आणि घेत काहीच नाही.
आहे ते धरून बसते.

उमावती बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
"तोय तसोच आशिल्लो."

नवी डिस्क लावली, जुनीतलं नवीत उतरवायला घेतलं.
एकाहत्तर टक्क्यांवर वीज गेली.
यूपीएस बोंबलू लागला, बाजारातले पंखे थांबले,
मासळीवालीची घासाघीस एकदम स्पष्ट ऐकू आली,
आणि आम्ही दोघं त्या हिरव्या पट्टीकडे
तापाने फणफणलेल्या पोराकडे पाहावं तसे पाहत राहिलो.
ऐंशी.
ब्याण्णव.
झालं.

अर्थात बाकीही उतरली होती, नऊ हजार सहाशे.
नक्कल काय सोडते?
तिने एका बोटाने शून्य घातलं,
'फिटले'मधला ट शोधायला वेळ लागला.
सेव्ह. बंद. चालू.
राहिलं.
"आनीक एक पावटी," म्हणाली.
बंद. चालू.
राहिलं.

जुनी डिस्क टाकण्याआधी पुसायची, हा माझा नियम.
पण जिच्यावर लिहिता येत नाही तिला पुसताही येत नाही.
हातोडी घेतली, आणि परत ठेवून दिली.
खणात आहे ती, सुट्या स्क्रूंच्या डब्याखाली.
तिच्यात कुष्टा अजून देणं लागतो,
आणि गुणाजीबाब शेवटची नोंद करून
नुकताच जेवायला उठलाय.

बिल झालं अठ्ठावीसशे. तिच्याकडे दोन हजार.
"उरिल्ले चवथीउपरांत," म्हणत तिने गोणपाट काखोटीला मारलं.
मी वही ओढली, अडलेलं पेन दोनदा झटकलं:
उमावती फळदेसाय, रिवण.
बाकी आठशे.