फक्की

मैदानाला उतार आहे. खाडीच्या अंगाला.
नकाशात तो दिसत नाही,
पण टॉस जिंकलेला कुठलाही कप्तान सांगेल,
दुसऱ्या हाफला पाणटाकीकडून खेळायचं,
म्हणजे दमलेले पाय आपोआप पुढे पडतात.

मी इथे फक्की मारते.
आधी बाबा मारायचे, सुतळी धरून,
डालड्याच्या डब्याला तळाशी खिळ्याची भोकं पाडून.
आता क्लबची चाकाची गाडी आहे.
डबा मात्र मी टाकला नाही.
कॉर्नरचं वळण गाडीला जमत नाही.

रविवारी मैदानातच मीटिंग झाली,
डेकोरेटरच्या लाल खुर्च्या मांडून.
बिल्डरच्या माणसानं पुठ्ठ्याची इमारत आणली होती,
पाचव्या मजल्यावर हिरव्या स्पंजचं मैदान,
त्यावर मुंगीएवढे अकरा खेळाडू.
"अकराच?" इस्माईल बागवान म्हणाले,
"समोर कोण, फरिश्ते?"
सगळे हसले. माईक धरलेला पोरगासुद्धा.

मग फेलिक्स डिमेलो उठले. वय अठ्ठ्याहत्तर.
डाव्या हाताची दोन बोटं अजून वाकडी,
गोदीच्या टीमचा एक फटका अडवला होता त्याची.
"पाचव्या मजल्यावरनं बॉल भायेर गेला
तर आणायचा कुणी?"
प्रश्न वेडगळ होता
आणि त्याला कुणाकडेच उत्तर नव्हतं.

वहिनी उठली तेव्हा कुणी हसलं नाही.
माझीच वहिनी. मागच्या पत्र्याच्या क्वार्टर्समध्ये
आमच्यामध्ये एक भिंत, तीही अर्धीच.
"तुमची मॅच नव्वद मिनिटांत संपते," ती म्हणाली,
"मी बत्तीस वर्षं संडासाच्या रांगेत उभी आहे.
तिथे हाफटाइम नसतो.
आणि आमच्या पोरींना कधी सोडलंत आत?
ते सांगा. मग येते वाचवायला."

मी सुतळी गुंडाळत राहिले.
बाबांनंतरची सव्वीस वर्षं मी या रेषा आखल्या,
त्यांच्या आत एकदाही चेंडूला पाय लावला नाही.
कुणी अडवलं नव्हतं.
कुणी बोलावलंही नव्हतं.

मागून कुणीतरी ओरडलं, चुना लावणार आहेत सगळ्यांना!
वाटलं, म्हणावं, ते काम माझं.
पण तोवर खुर्च्या उचलल्या जात होत्या, सह्यांचे कागद
दोन वेगवेगळ्या टेबलांवर,
आणि भाऊ, ज्याला फेलिक्सनी डाइव्ह शिकवली,
त्यांच्या टेबलाला वळसा घालून गेला.

बुधवारी माती तपासायला मशीन आलं.
सोबत एक कोवळा इंजिनियर, अकोल्याचा.
"ताई, भोकांच्या जागा तेवढ्या आखून द्याल?
तुमची लाइन सरळ येते."
दिल्या आखून. वाकडी रेष
मला मारताच येत नाही.
चौथं भोक नेमकं पेनल्टीच्या ठिपक्यावर आलं.

पोटातून काढलेलं त्यानं लाकडी खोक्यात
ओळीनं मांडलं: गवताची मुळं, लाल माती,
कोळशाची राख, बाटलीची काच,
मग शिंपले, पुष्कळ शिंपले,
मग काळा चिखल, ओला, खाडीचा वास धरून.
फेलिक्स गुडघ्यांवर बसून बघत होते.
वहिनी बादली खाली ठेवून वाकली.
"म्हणजे हीपण भरणीच," ती म्हणाली.
"माझ्या आज्यानं घातलेली," फेलिक्स म्हणाले,
"घमेल्यानं. राख इंजिनांची."
"आजी नव्हती वाटतं डोक्यावर घ्यायला?"
फेलिक्स थोडा वेळ गप्प बसले.
"होती की," म्हणाले.

बस. एवढंच.
तिनं बादली उचलली, त्यांनी चष्मा पुसला,
दोघांच्या सह्या होत्या त्याच टेबलांवर आहेत.

शनिवारी मॅच आहे. भोक मी
विटांच्या चुऱ्यानं भरलं, पायानं दाबलं,
डालड्याचा डबा उपडा करून
वर एक मूठ फक्की.
पेनल्टी मिळाली तर चेंडू तिथेच ठेवावा लागेल.
जागा थोडी खचेल.
मारणाऱ्याला आधी सांगून ठेवायला हवं.