चार हजारांची खाच

परदेशीपुऱ्याहून दोन रिक्षा बदलून आले
बळवंतराव घोंगे, वय चौऱ्याहत्तर.
खिशात मिलचा पास, अजून प्लास्टिकच्या पिशवीत.
तक्रार त्यांची नव्हतीच, बायकोची होती :
"मलाच म्हणतात, तोंडातल्या तोंडात बोलतेस."

मी आधी बत्ती घालून पाहिलं.
थोडा मळ निघाला, गुळाच्या खड्यासारखा.
मागे पडदा शाबूत, मोतिया,
घड्याळात पाच वाजतात तिथे उजेडाचा त्रिकोण.
त्याच्या पलीकडे हातोडी, ऐरण, रिकीब :
तांदळाएवढ्या लोहाराचं दुकान,
आणि होळकरांच्या या गावात
घोड्यावाचून राहिलेली एक रिकीब.
तिथे काही मोडलेलं नव्हतं.

मोडलं होतं आणखी आत.
अडीच वेढ्यांचा, पाण्याने भरलेला,
वाटाण्याएवढा शंख. त्यात केस उभे,
ताण्याच्या धाग्यांसारखे, ओळीने;
बारीक आवाजांचे दाराशी, जाड आवाजांचे तळघरात.
जो येतो तो दारातूनच येतो.
उंबऱ्याजवळचं गवत आधी तुडवलं जातं.

"तुटलेला धागा किती वेळात जोडायचात?"
त्यांनी माझे ओठ वाचले, चुटकी वाजवली.
"हे धागे जोडता येत नाहीत," मी म्हणाले.
तेही वाचलं. चुटकीचा हात मांडीवर ठेवला.

काचेच्या खोलीत बसवलं. वाजलं की बटण दाबा.
अडीचशे, दाबलं. पाचशे, दाबलं.
हजार, जरा उशिरा.
चार हजारांना ते काचेतून बघत बसले,
पाहुणा येणार म्हणून दाराकडे बघावं तसे.
कागदावर रेघ तिथे विहिरीत उतरली,
आठ हजारांना थोडी वर आली, धापा टाकत.
ही खाच मला पाठ आहे.
मालवा मिल ते पाटनीपुरा
या वयाचा जो कान येतो, त्यात हीच,
एकाच साच्यातून निघालेली.

त्या विहिरीत पडली आहेत स, श, च, फ, थ,
ही बिनआवाजाची, कष्टाळू अक्षरं.
स्वर तेवढे काठावर.
तोंडापुढे रजिस्टर धरून मी म्हटलं : साखर.
"आखर."
चहा. "अहा."
मग काय वाटलं कुणास ठाऊक,
मी बाईंचं नाव घेतलं : शशिकला.
दोन्ही श गळाले.
"ऐकला?" ते म्हणाले. "हो, ऐकला की.
पण काय होता?"

बाई हसल्या. आवाज न करता, सगळं तोंड उघडून.
म्हणाल्या, खात्यात असंच हसायचो आम्ही.
मी बॉबिनवर, हे साच्यावर,
तीनशे साचे चालू, तिथे गळ्याचं काय काम?
ओठांवर प, ब, म सारखेच दिसतात, मॅडम.
यांनी विचारलं, माळ घालशील?
मी वाचलं, पाळी घेशील?
हो म्हणाले. घेतली की हो मग, बावन्न वर्षं.

"रात्री कानात काही वाजतं?" मी ओठ मोठे करून विचारलं.
"तिसरी पाळी," बळवंतराव म्हणाले. "सगळे साचे."
मिल बंद पडली तो दिवस धड संपलाच नव्हता.
गेटवर कुलूप दिसलं, हिशेब अर्धा मिळाला,
पण सुटीचा भोंगा काही झाला नाही.
"मग हे कान घरी कसे येणार, भिया?"
मला बाईमाणसाला भिया म्हणाले, इंदूरच्या सवयीने.

चाचणीपुरतं यंत्र लावलं. पंखा, रिक्षा, खाली पोहेवाल्याचा झारा,
सगळं एकदम आत घुसलं.
बाई म्हणाल्या, "येतंय का ऐकू?"
ते दचकले. "ओरडतेस कशाला?
आणि तुझा आवाज हा असा आहे?"
कसा, ते नाही सांगितलं.

यंत्र काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं,
उष्टी वाटी ठेवावी तसं, जपून. किंमत विचारली.
मी आकडा कागदावर लिहिला.
दाराशी बाई त्यांच्याकडे वळून काहीतरी बोलल्या,
नुसत्या ओठांनी. ते हसले.
मला नाही वाचता आलं.
मी पुढचा नंबर पुकारला. दोनदा पुकारावा लागला.