मिठावर

तुर्भ्याच्या यार्डात पांढऱ्या गाड्या इतक्या
की मेचं ऊन दोनदा लागतं.
मुकादम म्हणाला, ही बघा मॅडम,
सात महिने, सहा हजार दोनशे किलोमीटर,
एकच मालक, सीवूड्सचे दातांचे डॉक्टर,
मागच्या सीटचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.
मग विकली का?
पार्किंगमध्ये खांब आडवा येतो, म्हणाला.

मला पटलं.
सकाळपासून ऐकलेल्या कारणांत
हे एकच मोजून बघता येण्यासारखं होतं.

मला हवी रोजची गाडी.
खारघर ते बेलापूर, सात सिग्नल,
भाजी, गॅसची शेगडी दुरुस्तीला, सासऱ्यांचा फिजिओ.
आणि तीच डिसेंबरपासून रिकाँगपिओला,
जिथे बोगद्याच्या तोंडाशी माझं टेबल असेल
आणि रस्ता पहाटे काचेसारखा,
असं आधीचा इंजिनियर सांगून गेला
प्लास्टरमधला हात दाखवत.

यशोधनने तक्ता केला आहे.
मायलेज, विमा, टायर, पुढे विकताना किती येतील.
भीतीचा रकाना नाही.
ती बहुतेक ‘इतर खर्च’ मध्ये असावी.

गिअरच्या मागे एक गोल बटण:
चिखल, वाळू, आणि सहा काड्यांचं एक फूल.
हे काय?
बर्फ, म्हणाला मुकादम, आणि स्वतःच हसला,
भर उन्हात स्वेटर विकायला बसल्यासारखा.
डॉक्टरांनी ते कधीच फिरवलं नसावं.
खाचेत बोटाचा मळ नव्हता.

बाळारामला मी सोबत नेलं होतं.
तो मोबाइलचा दिवा घेऊन गाडीखाली गेला
आणि बराच वेळ तिथेच राहिला.
“गारी कोरी हाय,” खालून आवाज आला,
“पन कोरी म्हंजे चांगली, आसं नाय.
चला, हिला जरा दाखवू जगात काय काय असतंय ता.”

उलव्याच्या पुढे, टॉवरांच्या पाठीमागे,
बंद पडलेलं एक मिठागर आहे अजून.
बांध फुटलेले, कोंड्या भेगाळलेल्या,
आणि वर पातळ पांढरा पापुद्रा
डोळे मिटायला लावणारा.
“बाप हितं मीठ ओरायचा,” बाळाराम म्हणाला.
बस, तेवढंच. मग त्याने डावी दोन चाकं
मुद्दाम काळ्या गाळात घातली.

चाकं नुसती भिरभिरली.
गाळ दाराच्या मुठीपर्यंत आला.
मागे प्लास्टिकवर मुकादम पुटपुटत होता,
दुआ असेल, किंवा धुलाईचा हिशेब.

“आता फिरवा तुमचा बर्फ.”

मी फिरवलं.
गाडी क्षणभर थांबली, आठवल्यासारखी,
मग जे चाक वायाच फिरत होतं
त्याचं बळ काढून तिने
मिठावर उभ्या असलेल्या चाकाला दिलं,
आणि आम्ही बाहेर.
ना आवाज, ना धक्का.
आमच्या घरात हे इतकं सहज
आजवर एकदाही झालेलं नाही.

“येकाचा पाय घसारला,” बाळाराम म्हणाला,
“तं बाकीच्यांना कललं पायजे. हिला कलतंय.
पन थांबताना ही बी बाकीच्या गारयांसारखीच, ध्यानात ठेवा.
ब्रेक दाबला का मंग कोनच कोनाचा नाय.
टायर बदला. आनि हलू जा.”

यशोधनचा फोन आला तेव्हा मी पापुद्र्यावर उभी होते,
चपलेखाली करकर वाजत होतं.
कशी आहे? त्याने विचारलं.
मी म्हटलं, पांढरी.

गॅरेजवर परत आल्यावर
बाळारामने तिचं पोट तीनदा धुतलं,
पाइप आत खुपसून, सांध्यासांध्यात.
“मीठ लोखंड खातंय,” तो म्हणाला.
“बापाची सायकल खाल्ली, दोन फावरी खाल्ली.”
तिकडेही रस्त्यावर मीठ टाकतात, मी सांगितलं,
बर्फ वितळावा म्हणून.

पाइप त्याच्या हातात तसाच राहिला,
पाणी त्याच्याच पायांवर.
“मंग तिथं हिला धुनार कोन?”

रात्री मी तक्ता उघडला,
किमतीच्या खाली एक ओळ घातली:
पाण्याचा पाइप, वीस फुटी.
आणि सासरे झोपलेत का ते बघायला उठले.