मुरड

रेडरूथला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी पेस्टी दिली,
कागदात गुंडाळलेली, हाताला चटका देणारी.
मी म्हटलं, ही तर करंजी.
करंजीच, पण बुटाएवढी,
आत बटाटा, सलगम, मांस कसलं ते विचारलं नाही,
आणि कडेला मुरड,
जाड, वळणावर वळण, आईच्या बोटांची असावी तशी.

लव्हडे पेनालुना, खोली नऊ, वय त्र्याण्णव,
म्हणाली, कड खायची नसते, पॅम.
(प्रमिला त्यांच्या बिल्ल्यात मावत नाही.)
खाणीत हातांना विष लागलेलं असायचं.
कडेला धरून खायचं
आणि कड अंधारात टाकायची,
खाली जे कोण राहतं त्याच्यासाठी.

माझा बाप घुग्घुसच्या खाणीत तीस वर्षं.
त्याचा डबा घरी यायचा तेव्हा
झाकणाच्या खाचेत कोळसा
आणि आत भाकरीचा तुकडा नसायचाच.
पुरती भाकर तो कधी खायचा नाही खाली.
काहून, विचारलं तर नुसता खोकायचा.

लव्हडेचा बाप कोलारला गेला.
इथल्या कथिलाला भाव राहिला नव्हता.
ती दोन वर्षांची.
आईने पेस्टीच्या कोपऱ्यात कणकेची दोन अक्षरं चिकटवली,
त्याच्या नावाची, म्हणजे बोटीवर अदलाबदल नको.
दर महिन्याला पैसे आले.
मग तीन महिन्यांनी.
मग नाताळला.
मग एक कार्ड, हत्तीचं.

सगळी गल्ली बायकांचीच होती गं, ती सांगते.
पोस्टमन वळणावर आला की पडदे हलायचे,
तो दारावरून पुढे गेला की पडदेही सरळ.
चॅपलमागच्या दगडांवर मी वाचलंय:
जोहान्सबर्ग, ब्यूट, कोलार.
नाव इथे, माणूस तिथे,
खाली नुसतं गवत.

शेवटची खाण बंद पडली तेव्हा तिचा नातूही गेला,
ऑस्ट्रेलियात लोखंडाच्या खाणीवर ट्रक हाकतो.
रविवारी पडद्यावर येतो, तिथे रात्र असते.
खिडकीतून इंजिनघराचं धुराडं दिसतं.
त्यात कावळ्यांसारखं काहीतरी राहतं.

मी अठ्ठावीस तारखेला पैसे पाठवते.
आधी एजंटाचे, मग पूर्वाच्या क्लासचे,
मग सासूच्या गोळ्यांचे.
प्रफुल लिहितो, मिळाले.
हल्ली लिहीत नाही, अंगठा पाठवतो.
पोस्टमन मीच आणि पडदाही मीच.

एका रात्री दिव्यात माझ्याकडे बघत राहिली.
तू तिकडची ना? त्याची मुलगी?
मी समजावलं: कोलार कुठे, घुग्घुस कुठे,
मध्ये एक दिवस, एक रात्र आगगाडी.
खोटं बोलणाऱ्याकडे बघून मान हलवावी
तशी तिने हलवली.
कपाळ त्याचंच आहे तुझं, म्हणाली.
तिने तरी कुठे पाहिलं होतं ते कपाळ!

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री
मी तिची चादर बदलत होते,
हातमोजे भरलेले, कशालाच शिवता येईना,
तेव्हा तिने विचारलं:
तो माझं नाव घ्यायचा का कधी?

घ्यायचा, मी म्हटलं.
खोकला थांबला की.

आमच्याकडे महालक्ष्म्या उठतात
तेव्हा ताटात मुरडीचा कानोला लागतो.
मुरडून या, म्हणायचं असतं.
मी निघाले तेव्हा ना भाद्रपद, ना सण,
तरी आईने पहाटे उठून दोन तळले,
रुमालात बांधून पर्समध्ये कोंबले.
नागपूरच्या तपासणीत पोराने विचारलं, काय आहे?
खायचं आहे, म्हटलं.

विमानात पोटात कालवत होतं, आणि भूकही.
कुणी सांगितलं नव्हतं.
दोन्ही खाल्ले,
मुरडीसकट.