माया

मापं लिहायची बाडं एकूण सात.
पहिली दोन वडिलांच्या हातची,
शाईच्या पेन्सिलनं लिहिलेली.

गांधीबागेतलं आमचं दुकान
आता रेडीमेडवाल्यांच्या मधात अंग चोरून उभं आहे.
तरी तुळशीराम नंदनवारचा धाकटा, लोकेश,
काल आला पँट टाकायला,
श्वास आत ओढून.

"सोड बाप्पा श्वास," म्हटलं,
"टेप कोणाले सांगत नाही."
सोडला. त्रेचाळीस.

मग तोच बोलला : शुगर निघाली काका.
धंतोलीतले डॉक्टर म्हणाले, तोंडावर ताबा नाही.
बायको म्हणाली, तर्री-पोहे.
आई काहीच म्हणाली नाही,
नुसता संत्रा बर्फीचा डबा शेजारी देऊन आली.

मी स्टुलावर चढलो. तिसरं बाड काढलं.
नंदनवार तुळशीराम, सन अठ्ठ्याऐंशी :
कमर एकोणचाळीस.
दुसऱ्या बाडात त्याचा बाप बकाराम,
दिवसभर मागावर पाय मारणारा, दोन वक्त भाकर :
अडतीस.
पुढं वडिलांच्या अक्षरात एकच शब्द, ढील.

"अन् हेमराज तुमचा? तीस. काडी आहे काडी."
"त्याले तं माझ्या आधीपासून आहे शुगर."

इथं बाड मुकं झालं.

माझी उत्तरा मेडिकलच्या लॅबमध्ये असते.
ती म्हणते, बाबा, एक धागा नसतो,
शेकडो असतात, एकेक जरासाच ओढतो.
कोणी म्हणतं, दुष्काळात तगलेल्यांची ही शिल्लक.
पक्कं कुणालाच ठाऊक नाही.

मला आपलं शिवणकामातलं कळतं.
शिवणीच्या आत दोन बोटं कापड दडवून ठेवायचं,
पुढं लागलं तर.
त्याला आम्ही माया म्हणतो.
कुठल्या उपाशी वर्षी
कुणीतरी सोडली असेल ह्याच्याही अंगात,
पुढं घरात दोन फ्रिज येतील हे माहीत नसताना.

लोकेशचं बोट आजाच्या आकड्यावर.
"म्हणजे माझी चूक नाही?"
"फुटाळ्याच्या फेऱ्या मारायच्या त्या मारच," म्हटलं,
"पण मान खाली घालून नको मारू."

रात्री त्याची पँट कापली.
माया सोडताना कात्री जरा थांबली.
मग सोडली, नेहमीएवढीच.

टेप गळ्यात तसाच होता.
सातही बाडांत माझं स्वतःचं माप नाही.