चौथा माणूस

नायगावच्या विहारात, गुरुवारी साडेसातला
सतरंजीवर आम्ही अकराजणी आणि एक रिटायर्ड फिटर.
भिंतीवरच्या पंख्याचं एक पातं वाकलंय,
दर फेरीला जाळीला घासून
काहीतरी विचारत असतं.

भन्ते म्हणाले, सुरुवात स्वतःपासून.
मी बरी असो. मी निवांत असो.
चोवीस वर्षं शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात
थुंकीच्या डब्या उचलल्या या हातांनी,
पण स्वतःला बरं म्हणताना जीभ अशी अडखळली
जशी परक्याच्या घरी पाणी मागताना.

दुसरा जिवलग. ते सोपं.
डोळे मिटले की पुष्पलता हसतच येते.
भन्ते सांगतात, गेलेलं माणूस घेऊ नये.
मी घेते.

तिसरा, ज्याच्याशी देणं ना घेणं.
भोईवाड्याच्या नाक्यावरचा चावीवाला घेतला.
नाव ठाऊक नाही, म्हणून त्याच्या कानशीच्या आवाजालाच म्हटलं, सुखी राहा.
दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा दिसलं,
तो डावखुरा आहे.

आणि चौथा.
ज्याचं नाव काढलं की कानशिलं तापतात.
पेन्शन सेक्शनचा मोरजकर.
आमच्या ह्यांची फाइल एकोणीस महिने
त्याच्या टेबलावर, चहाच्या कपाखाली.
कपाचं वर्तुळ अजून आहे तिच्यावर.
हे नाहीत.

त्याच महिन्यात मेडिकल कॉलेजातून ईशानी आली,
करड्या पेटीत मशीन, हातात फॉर्म.
बसण्याआधी दंडाला पट्टा, उठल्यावर पट्टा.
आधी एकशे बावन्न. नंतर एकशे अडुसष्ट.
पोर गोंधळली. मावशी, कमी व्हायला हवं होतं.
म्हटलं, बाई, आज चौथा होता.
तिच्या फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.

भन्तेंना सांगितलं. हसले नाहीत ते,
उपदेशही केला नाही. म्हणाले,
अख्खा माणूस उचलत नसेल, तर थोडा उचला.

थोडा!
रात्रभर शोधत होते, मोरजकरातलं थोडं काय.
पहाटे पाणी आलं, हंडा भरता भरता आठवलं:
त्याच्या ड्रॉवरमधली गुलाबी औषधाची बाटली.
सही करण्याआधी झाकणभर प्यायचा,
छातीवरून मूठ फिरवायचा,
ढेकर आला की ओशाळून खिडकीबाहेर बघायचा.

तुझं पोट शांत असो, मोरजकर.
एवढंच. बाकीचा तू तिकडेच थांब.

पाच गुरुवार पोटावरच गेले.
सहाव्याला छातीपर्यंत जाऊन परत आले.
मशीनचा आकडा आता एकशे चव्वेचाळीस, कधी छत्तीस.
बसण्यामुळे? की लोणचं सोडलं म्हणून?
की फाइल सुटली एकदाची, म्हणून?
ईशानी म्हणाली, इतक्यात नाही सांगता येणार,
अभ्यासात माणसं कमी आहेत.
मला आवडलं तिचं उत्तर.
दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं,
बसा खुशाल, पण गोळी सोडायची नाही हं.
नाही सोडली.

रात्री भांडी झाली की ती तळहातावर घेते,
पांढरी, तुरीच्या डाळीएवढी.
पाण्याचा घोट घेण्याआधी जरा थांबते.

आज त्याच्या गळ्यापर्यंत पोचले होते.
तिथे काहीतरी अडकलंय
त्याच्याही.