वेबिल

रात्री मी दोन हिशेब लिहिते.
पहिला डेपोत भरून आलेली असते:
नाशिक–पेठ, चार फेऱ्या, पास, अर्धी तिकिटं,
फाटकी नोट एक, ती पदरची बदलून दिली.
दुसरा घरी, ओजसच्या जुन्या वहीत,
त्याची भूमिती संपते तिथून पुढे:
पालक, एक जुडी. मिरच्या, अकरा.
वांगं एक, अर्धं किडकं.
किडकं अर्धं खताच्या डब्यात, उरलेलं आमटीत.

सिडकोतली गच्ची, सोळा कॅरेट.
पिंपळगावला टोमॅटो वाहून वाहून तडकलेली,
वीस रुपयाला एक, सुतळीनं शिवून घेतली.
भाचा वाइनरीत आहे,
तो द्राक्षांचा चोथा पोत्यानं आणून टाकतो.
पहिला महिनाभर गच्चीला दारूचा वास.
गायधनी काका जिन्यात थांबून
माझ्याकडे नुसतं बघायचे.

पहिल्या पावसाळ्यात सगळं उगवलं आणि मी फुगले.
डेपोत डबा उघडून सांगायची, मेथी घरची आहे हं.
मग निफाडकडून थंडी सरकली.
पहाटेच्या ड्यूटीला निघताना बॅटरी मारून पाहिलं,
टोमॅटोची पानं उकळत्या पाण्यातून काढल्यासारखी.
दुसऱ्या हिवाळ्यात जुन्या चादरी पांघरल्या,
थंडी टळली,
चादरीखाली उबेला मावा पोसला.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये गारा.
सुपारीएवढ्या, म्हणाले लोक.
मी तेव्हा कोटंबीच्या घाटात होते,
टपावर आवाज ऐकत होते
आणि मनातल्या मनात एकेक पान मोजून सोडत होते.
दुसऱ्या दिवशी गाडीत सगळे एकरांत बोलत होते.
माझं गेलं ते टोपलीभर.
मी पुढच्या स्टॉपचं नाव पुकारलं.

त्याच वर्षी काकांच्या छताला ओल आली.
प्लास्टर, सातशे रुपये. मी दिले.
बाग तोट्यात, असं वहीत आहे, लाल शाईनं.
मे महिन्यात पाणी एक दिवसाआड,
तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, कूलरच्या तळाशी उरलेलं
बादलीनं दोन मजले चढवलं.
तरी दोडक्यानं मान टाकलीच.

मग करंजाळीला चढणाऱ्या चंद्रीबाई भोये.
मी सुटे परत देत होते,
त्यांनी पदराची गाठ सोडून
राखेत घोळलेल्या सात बिया माझ्या तळहातावर ठेवल्या.
डांगर आहे.
खा, पण एक वेलावरच राहू दे.
देठ वाळेस्तोवर हात लावू नको.

पाच उगवल्या, तीन जगल्या.
वेल पाण्याच्या टाकीवर गेला,
तिथून केबलच्या वायरीवर.
चार डांगरं आम्ही खाल्ली,
एक खाली पाठवलं. काकांनी फोन केला,
घारगे बरे झाले होते, म्हणाले.
ओलीचं काही बोलले नाहीत.

शेवटचं राहिलं.
एकदा सव्वीस तारीख होती, पगार झाला नव्हता,
ओजस म्हणाला, आई, वर एक आहे की.
आहे, म्हटलं, आणि पिठलं केलं.

परवा देठ वाळला.
कापलं, बिया धुतल्या, सुपात पसरल्या.
ओजसनं वर्षाची बेरीज मारली:
भाजी विकत आणली नाही असे दिवस, एक्केचाळीस.
तीनशे पासष्टातून, म्हणाला. अकरा टक्के. नापास.
गेल्या वर्षी सव्वीस होते, मी म्हटलं.
तरी नापासच, म्हणाला,
आणि सुपातल्या बिया बोटानं उलट्या करत बसला.

आता बिया ठेवायच्या तर राख हवी.
सगळं घर धुंडाळलं.
गॅसच्या शेगडीखाली राख कुठली असणार.
उदबत्तीची होती, चिमूटभर.

उद्या पेठची गाडी माझी आहे.
पिशवीत तिकीट मशीन, सुटे पैसे,
एक पुडी, एक रिकामी डबी.
वहीत झोपायच्या आधी लिहून ठेवलंय:
देणे, बिया, निम्म्या.
येणे, मूठभर राख.